मायलेज महाराजांची हायब्रिड दीक्षा

सकाळचे साडेसातही वाजले नव्हते, तरी बंद पडलेल्या सिमेंटच्या गोदामापासून थेट कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत छोट्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांची बॉनेटं उघडी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, शंभरेक गाड्या दातांच्या डॉक्टरकडे आल्यात. पेट्रोल महिन्यात तिसऱ्यांदा वाढलं होतं आणि त्यावरचा उपाय आत गोदामात बसला होता.

त्या उपायाला लोक मायलेज महाराज म्हणत.

पांढरा झगा, पायांत मोजे, गळ्यात डॉक्टरचा स्टेथोस्कोप. बॉनेटवर स्टेथोस्कोप टेकवून महाराज डोळे मिटत आणि गाडीचा पूर्वजन्म सांगत.

“ही मागच्या जन्मी रोडरोलर होती,” एका चिमुकल्या लाल गाडीबद्दल ते म्हणाले. “म्हणून चढावर रडते.”

मालकिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अगदी खरं महाराज. फार रडते हो!”

मी वाहनविम्याच्या कचेरीत दावे तपासते. ‘झाड अचानक गाडीसमोर आलं’ असं लिहिणारी माणसं रोज भेटत असल्याने सहसा मी कशाने दचकत नाही. पण त्या रविवारी मी दादाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून तोंड उघडं टाकून बघत होते. मागच्या सीटवर अण्णा, म्हणजे आमचे वडील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. आता दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून तीनदा, पंचेचाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. नेण्याचं काम दादाचं आणि त्याच्या दहा वर्षांच्या छोट्या गाडीचं.

तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. गाडी ठेवायची की हायब्रिड घ्यायची? हायब्रिड म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाला बॅटरी आणि मोटरीची जोड असलेली गाडी. वहिनी शाळेत गणित शिकवते. तिने एका कागदावर सगळं मांडलं होतं. नव्या हायब्रिडला साध्या गाडीपेक्षा जे जास्तीचे पैसे मोजायचे, ते पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला नऊ वर्षं लागणार होती. शिवाय हायब्रिडची खरी बचत शहरात, सारखं थांबत-निघत चालताना. आमचा रस्ता सरळ, मोकळा. गॅरेजवाल्यानेही सांगितलं होतं, “इंजिन ठणठणीत आहे. पुढचे ब्रेक पॅड बदला, क्लच बघून घ्या, आणखी पाच वर्षं बिनघोर चालवा.”

“म्हणजे काहीच करायचं नाही?” दादा वैतागला. पेट्रोल वाढत असताना शांत बसून राहायचं हे त्याच्याच्याने होईना. मग कुणीतरी त्याला महाराजांचा पत्ता दिला.

आमचा नंबर साडेदहाला लागला. महाराजांचा एक शिष्य होता. हडकुळा, नखांत काळं ग्रीस. त्याने गाडीला एक चक्कर मारली, मॉडेल कोणतं ते बघितलं आणि पुकारलं, “मीन रास! नाक देवाकडे!”

नाक देवाकडे म्हणजे, गाडी जिथे चढवायची त्या सिमेंटच्या ओट्याच्या आतल्या भिंतीकडे. मागून आलेल्या निळ्या गाडीची रास कन्या निघाली. तिला पाठमोरी लावायला सांगितलं. ओट्याला महाराज ऊर्जापीठ म्हणत. दोन्ही बाजूंना झालरीचे निळे पडदे सोडलेले. गाडी थांबल्याबरोबर शिष्याने मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले.

“पादुका,” तो गंभीरपणे म्हणाला.

महाराजांनी दादाला विचारलं, “बेटा, हायब्रिड म्हणजे काय?”

“पेट्रोल आणि बॅटरी, महाराज.”

“चूक. अर्धं पेट्रोल, अर्धी श्रद्धा! कंपन्या तुला बॅटरी विकतात, कारण त्यांना श्रद्धा बनवता येत नाही. तिचा कारखाना इथे.” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि माइक दिसत नसतानाही तिचा आवाज घुमला. पुढे मला कळलं, माइक झग्यात होता.

मग तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आलं. त्याचं मोल बरोबर एक टाकी पेट्रोलएवढं. ते इंजिनाला बांधलं गेलं. इंजिन बंद, चावी चालू, सगळ्यांनी सात मिनिटं जप करायचा आणि नजर पेट्रोलच्या काट्यावर ठेवायची. काटा पाव टाकीवर होता. “इंधनं बंधनं चंदनं,” महाराज पुटपुटत होते, आणि मी शपथेवर सांगते, काटा हलला. हळूहळू, गोगलगायीसारखा, वर सरकत तो अर्ध्याच्या पुढे गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने स्टिअरिंगला मिठी मारली. माझेही हात टाळीसाठी उठले, ते लपवत नाही.

मागून अण्णा म्हणाले, “मला जरा सरळ बसवा रे. घरंगळतोय मी मागे.”

“अण्णा, शांत बसा. चमत्कार चाललाय,” दादा म्हणाला.

“चालू दे की. पण ही जमीन सपाट नाही.”

कुणीही लक्ष दिलं नाही. आजारी माणसाने काही म्हटलं की उशी पुढे सारायची, एवढंच आम्ही शिकलो होतो. मी उशी सारली.

निघताना व्रत मिळालं. अकरा दिवस एसी लावायचा नाही. डिकीत पापाचं ओझं ठेवायचं नाही, म्हणजे सगळं सामान काढून टाकायचं. चाकांत ‘प्राण’ पूर्ण ठेवायचा, म्हणजे हवा. गाडीला पान्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आणि सगळ्यांत मोठी अट अशी, की मीटरवर टॉवेल झाकायचा आणि अकरा दिवस काट्याकडे बघायचं नाही. बघितलं की पेट्रोलला दृष्ट लागते.

घरी वहिनीने ते ऐकलं आणि तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली. “वेग कसा कळणार मग?”

“आतून कळतो,” दादा म्हणाला.

आतून कळत नसल्यामुळे तो सोमवारी इतका सावकाश गेला, की एका सायकलवाल्याने ओलांडून पुढे जाताना त्याला हात दाखवला. पण रुग्णालयात जाऊन-येऊन झालं. मंगळवारी गावातल्या दोन-चार फेऱ्या झाल्या. गॅरेजची वेळ ठरलेली होती, ती दादाने फोन करून रद्द केली. बुधवारी सकाळी आम्ही तिघं पुन्हा निघालो. रुग्णालय सहा किलोमीटरवर राहिलं असताना गाडीने दोन आचके दिले, खोकल्यासारखा आवाज केला आणि रस्त्याच्या कडेला मान टाकली.

दादाने टॉवेल काढला नाही. “गाडी समाधीत गेली असेल,” तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

मी टॉवेल ओढला. काटा तळाला टेकला होता आणि त्याच्याशेजारी पिवळा दिवा पेटला होता. तो कधीपासून पेटला होता कोण जाणे.

आम्हाला शेवटी एका पावाच्या गाडीने नेलं. पुढे जागा एकच आणि अण्णांना धरायला माणूस हवा, म्हणून पुढे मी बसले. मागे पावांच्या ट्रेच्या मध्ये दादाने अण्णांना धरून ठेवलं. पोहोचलो तेव्हा अण्णांच्या डोक्यावर मैदा होता आणि वॉर्डातल्या सिस्टर चिडल्या होत्या. अण्णांची वेळ टळली होती आणि दुपारी ते मशीन दुसऱ्या पेशंटसाठी हवं होतं. चार तासांऐवजी दोनच तास मिळाले. “अंगातलं पाणी पूर्ण निघालेलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “दम लागला तर लगेच घेऊन या.”

संध्याकाळीच दम लागला. अण्णांना आडवं होता येईना. रुग्णालयात फोन केला, तर पहाटेशिवाय मशीन मोकळं नव्हतं, आणि आमची गाडी अजून रस्त्याच्या कडेलाच होती. दादा त्यांच्या पाठीला पाठ लावून बसला, म्हणजे त्यांना टेकायला मिळेल. मग म्हणाला, “अण्णा, मी काटा बघितला नाही हो. बघायला काय झालं होतं मला?”

गुरुवारी पहाटेच वहिनीने शेजारच्यांची गाडी मागून घेतली, रुग्णालयात राहिलेलं डायलिसिस झालं आणि अण्णांचा श्वास मोकळा झाला. परतताना ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “रविवारी मला त्या बुवाकडे न्या. माझी पाणसळ घेऊन.”

पाणसळ म्हणजे गवंड्याचं लाकडी साधन. मध्ये काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. जमीन सपाट असेल तर बुडबुडा मध्ये थांबतो.

रविवारी पुन्हा तीच रांग, तीच उघडी बॉनेटं. या वेळी वहिनीही आली. ओट्यावर एका टॅक्सीवाल्याची दीक्षा चालू होती. काटा नुकताच वर चढला होता. अण्णा काठी टेकत पुढे गेले, खाली बसले आणि पाणसळ ओट्यावर ठेवली. बुडबुडा सरळ भिंतीच्या टोकाला जाऊन चिकटला.

“काय चाललंय बाबा?” महाराजांनी विचारलं.

“उतार मोजतोय. गोदामात ट्रक चढवायचा रॅम्प आहे हा. अशी चाळीस कामं केलीत मी. भिंतीकडे चांगला उंच आहे.”

“उतार? लोक हो, बघा! पडद्याची झालर बघा, जमिनीशी समांतर आहे की नाही?”

“आहे ना,” अण्णा म्हणाले. “झालरही तिरकी टांगलीय. म्हणून डोळ्याला कळत नाही. पाठीला कळतं. आणि सपाट जमिनीवर चाकांना ठोकळे कशाला लागतात हो?”

गर्दीतून कुणीतरी हसलं. महाराजांचा आवाज झग्यातल्या माइकमधून गरजला, “यंत्रांना माया दिसते!”

“असेल माया. पण मग ती एकाच टोकाला का पळते?” अण्णा टॅक्सीवाल्याकडे वळले. “भाऊ, तुमची गाडी जरा उलटी लावता? नाक बाहेर करून.”

टॅक्सीवाला बिचकला, पण त्याने गाडी फिरवली. आणि तेवढ्यात तो शिष्य, आयुष्यात कुणी काम चुकीचं करताना ज्याला बघवलं नसेल असा तो ग्रीसवाला माणूस, हात हलवत धावत आला.

“अहो, ही उलटी नाही लावायची! हिचा फ्लोट टाकीत मागच्या बाजूला असतो! काटा खाली येईल ना!”

महाराजांनी शिष्याकडे असं बघितलं, की तो मागच्या जन्मी काय होता हे त्यांना सांगायचं असावं.

काटा खाली आला. सात मिनिटं लागली, कुणी जप केला नाही, तरी आला.

मग वहिनी एका रिकाम्या ड्रमवर चढली. “टाकीत एक तरंगता गोळा असतो, तोच फ्लोट. पेट्रोलवर तो जितका वर, तितका काटा वर. गाडी चढावर उभी केली की पेट्रोल एका बाजूला जमा होतं. गोळा त्या बाजूला असला तर तो उचलला जातो. पेट्रोल थेंबभरही वाढत नाही. मीन आणि कन्या रास म्हणजे कोणत्या मॉडेलचा गोळा कुठे आहे, एवढंच. आणि काटा मुळात हळू हलतो, म्हणून जप सात मिनिटांचा.”

“पण माझं मायलेज खरंच वाढलंय!” लाल गाडीवाल्या बाई ओरडल्या. “लिटरला तीन किलोमीटर! माझा रस्ता रोजचाच, मोजलेला!”

“वाढणारच, ताई. चाकांत पुरेशी हवा, डिकी रिकामी, एसी बंद, आणि मीटर झाकल्यामुळे भीतीने गाडी हळू. हे सगळं तुम्ही केलंत. वेटोळं काढा, टॉवेल काढा, बाकीचं तसंच ठेवा आणि पंधरा दिवस लिहून बघा.”

यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. प्रत्येकाला स्वतःच्या काट्यावर प्रयोग करायचा होता. शंभर गाड्या एकाच वेळी पुढे-मागे वळू लागल्या. कुणी नाक भिंतीकडे करून “चढला!” ओरडत होतं, कुणी पाठ करून “उतरला!” तीन बंपर वाकले. त्यांचे दावे पुढच्या आठवड्यात माझ्याच टेबलावर आले. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात एकाने ‘ज्ञानप्राप्ती’ लिहिलं होतं. त्या गोंधळात महाराज कधी गेले कुणाला कळलं नाही. शिष्य मात्र राहिला आणि लोकांच्या टायरची हवा तपासत बसला. त्याच्या हाताला काम होतं.

पोलिसांकडे तक्रार आम्ही दिली. दादाने स्वतः लिहिली. त्यात त्याने टॉवेलचंही लिहिलं, लाज वाटत असूनही. ब्रेक पॅड बदलले. गाडी आम्ही ठेवली आहे. पेट्रोल परत वाढलंय, आणि आम्हाला ते परवडत नाहीच. हायब्रिडचा हिशेब वहिनी दर सहा महिन्यांनी नव्याने मांडते. ज्या दिवशी तो जुळेल त्या दिवशी घेऊ.

कुणाला हसण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. दादा मूर्ख नाही. तो आठवड्याला दोनशे सत्तर किलोमीटर वडिलांसाठी चालवणारा थकलेला माणूस आहे, आणि थकलेल्या माणसाला चढलेला काटा दाखवणं फार सोपं असतं. म्हणून एवढंच सांगते. जिथे ‘बघू नका’ असं सांगतात, तिथे आधी बघा. मोजता येतं ते मोजा. आणि शेजारी बसलेला म्हातारा माणूस काही म्हणत असेल, तर त्याच्या पाठीमागे उशी सारण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या.