आज सकाळपासून

जुलाब पोराला लागले, तरी न्यामिझीच्या गावात लोक आईकडेच बोट दाखवत: परपुरुषाशी निजली, म्हणून दूध नासलं. तिचा नवरा तर दोन महिने व्हिक्टोरिया सरोवरावर मासेमारीला गेलेला. म्हणून तान्ह्या माबुलाला जुलाब लागले, तेव्हा चार दिवस तिनं त्याची लंगोटी चोरून धुतली. पाचव्या दिवशी पोराची मान लुळी पडली, तेव्हा सासूनंच दोघांना दवाखान्यात ओढत आणलं.

"कधीपासून?" नर्सनं विचारलं.

"आज सकाळपासून."

"खरं बोल, अवदसे!" सासू खेकसली.

नर्सनं माबुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. "अगं बाई, ह्याच्या अंगात पाणीच उरलं नाही. किती दिवस झाले?"

न्यामिझीनं सासूकडं पाहिलं.

"आजच," ती म्हणाली.