डाव्या कानाची साक्ष

मी डायरी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. चार वर्षं मी एका चोराच्या कपाटात, जुन्या स्वेटरांखाली काढली आहेत.

जन्माने मी फुकटची. एका बटणांच्या कंपनीनं शिंप्यांना वाटायला मला छापलं. वर्ष संपलं तरी मी कोरीच. मग शिवणाच्या दुकानातल्या मास्तरांनी मला काज-बटण करणाऱ्या बाईला देऊन टाकलं. "घ्या, पोरांना खरडायला होईल."

"पोरं नाहीत मास्तर," ती हसून म्हणाली, "पण खरडायला मी आहे ना!"

दुपारी डबा खाऊन झाला की ती मला मशीनवर उघडायची आणि कुठेही नसलेलं एक राज्य लिहायची. त्यात राजा नाही, लढाई नाही, नुसत्या जागा. नवरा चेष्टा करायचा, तर म्हणायची, "राजे-राण्या येतील मागाहून. आधी त्यांना राहायला जागा तर हवी!"

तिची रीत ठरलेली. डोळे मिटायचे, मनानं त्या जागी जाऊन उभं राहायचं आणि आधी कान लावायचा. मगच लिहायचं. 'पाणचक्क्यांच्या गावात शिरलं की उजव्या हाताला शंभर चाकं कुरकुरतात. डावीकडे दरी, आणि दरीत धुकं निजलेलं.' असं एकेक ठिकाण. आवडलेल्या पानाच्या कडेला ती रंगीत दोऱ्यानं छोटंसं काज घालायची, खूण म्हणून. सुई टोचायची, पण मला ते आवडायचं.

एक सांगायचं राहिलं. लहानपणीच्या तापात तिचा डावा कान गेला होता. नवरा न चुकता तिच्या उजवीकडे बसायचा.

तिच्या दिराला घरात सगळे 'लेखकराव' म्हणत, कारण लिहायचंय म्हणून तो दुसरं काही करत नसे, आणि लिहीतही नसे. एके दिवशी त्यानं मला चाळलं. "वहिनी, जरा वाचायला नेतो हं."

आठवड्यानं तोंड पाडून आला. "बसमध्ये राहिली हो डायरी!"

मेल्या, मी तुझ्या कपाटात होते! माझ्यातल्या जागा त्यानं जशाच्या तशा उतरवल्या, मध्ये एक तलवारवाला राजपुत्र कोंबला आणि स्वतःच्या नावानं पुस्तक काढलं. लोक म्हणाले, काय ते वर्णन, तिथे जाऊन आल्यासारखं वाटतं! राजपुत्राचं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुस्तक वाचून ती दोन दिवस जेवली नाही. नवऱ्यानं भावाला जाब विचारला, तर तो म्हणाला, "वहिनींच्या आणि माझ्या कल्पना जुळल्या असतील. पुरावा आहे का काही?"

पुरावा स्वेटरांखाली गुदमरत होता. मला जाळायची त्याची छाती झाली नाही, कारण माझी अर्धी पानं उतरवायची बाकी होती. दुसरा भाग काढायचा होता ना! मी म्हटलं, थांब बेट्या. तुझे शंभर भरू देत.

ते भरले वाचनालयाच्या सभागृहात. येऊ घातलेल्या भागातलं थोडं वाचून दाखवायचं म्हणून त्यानं मला वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलं. तिसऱ्या रांगेत ती होती, शेजारी उजवीकडे नवरा. तिचेच शब्द हा तिलाच ऐकवत होता. "दिव्यांच्या बंदरात उतरलं की उजवीकडून नावाड्यांच्या हाका येतात. डावीकडे काळं, मुकं पाणी..."

तोच प्रकाशकांकडे मुद्रितं तपासणाऱ्या बाई उठल्या. "एक विचारू? तुमचं पुस्तक मी चारदा तपासलंय. तुमच्या अख्ख्या राज्यात डावीकडून एकही आवाज येत नाही. साधं पाखरूसुद्धा ओरडत नाही. असं का?"

लेखकराव पाणी प्यायला. "ते... प्रतीक आहे."

"कशाचं?"

तो माझी पानं उलटू लागला. तिसऱ्या रांगेत तीही चकित झाली होती. इतकी वर्षं लिहिलं, पण हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"प्रतीक-बितीक काही नाही हो. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

मुद्रितं तपासणाऱ्या बाई तडक पुढे गेल्या. बाईंनी त्याच्या हातातून मला घेतलं, कव्हर काढलं. बटणांच्या कंपनीचं नाव, तिचं अक्षर, कडेची रंगीत काजं, सगळं उघड्यावर आलं.

"सुरेख आहेत," बाई त्याला म्हणाल्या. "एखादं काज घालून दाखवता?"

त्याची मान खाली गेली ती वर येईना. माझ्या काळजाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

आता मी परत तिच्याकडे, घरच्या मशीनच्या फळीवर आहे. दुसऱ्या भागावर तिचं नाव आहे, पहिल्याच्या नव्या आवृत्तीवरही. माझी शेवटची चार पानं तेवढी कोरी उरलीत. जाता जाता एकच सांगते. कुणाची वही 'जरा वाचायला' नेलीत तर परत करा. आम्हाला पाय नसतात, पण आम्ही पोचतो.

लेखकराव दर रविवारी येतो. आत पाऊल टाकायचा धीर होत नाही, म्हणून दारातूनच हात जोडून माफी मागतो. ती खाली मान घालून शिवत राहते. त्या दिवसानंतर तिनं मशीन हलवलंय, दार आता तिच्या डाव्या हाताला येतं.

"मशीन जरा फिरवून देऊ का?" परवा नवऱ्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "उजेड असाच बरा येतो."