त्रिशूळ आणि लाटणे

दोन हजार पाच सालच्या मे महिन्यातल्या त्या मंगळवारी, निफाडजवळच्या केरूनानांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. लासलगावच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेले ट्रॅक्टर रस्त्याकडेला थांबले होते आणि ते चालवणारे टोप्या सावरत रांगेत उभे होते. ओट्यावर, हिरव्या खणाने मढवलेल्या पाटावर, नानांची अकरा वर्षांची नात स्नेहल बसली होती. तिचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता. आणि त्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटे, लालभडक, फुगीर, रेखीव असा त्रिशूळ कातडीतून उठून आला होता.

"नीट बघा, लेकरांनो!" बारकू भगत घंटा हलवीत गर्जत होता. "शाई नाय, रंग नाय, गोंदण नाय! आतून आलंय, आतून! तलाठ्याची सही खोटी निघंल, तहसीलदाराचा शिक्का खोटा निघंल, पर ही आईची सही हाय! पायताणं काढा, मोबाइल बंद करा, आईला रेंजचा लय तरास होतो!"

लोक हात जोडत होते. मात्र ते भगताच्या घंटेवर विसंबून आले नव्हते. चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेल्या केरूनानांनी पहिल्याच दिवशी तो हात पाहून डोळे मिटले होते, देवीचा श्लोक म्हटला होता आणि "ही कृपा आहे" असे चार माणसांत सांगितले होते. ज्या पंचक्रोशीत नानांनी लग्नाची तिथी सांगितली की पंचांग उघडायची कोणाला गरज वाटत नसे, तिथे एवढे पुरे होते.

घडले होते ते असे. द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर मुलगा राजू सगळ्या घराला एका सहल कंपनीबरोबर थायलंडला घेऊन गेला होता. तिथल्या समुद्रकिनारी एक बाई चित्रांची वही घेऊन मेंदी काढत बसली होती. स्नेहलला फुलपाखरू हवे होते.

"परक्या देशात येऊन फुलपाखरू कशाला?" नाना म्हणाले. "आपली काही खूण असू दे." आणि खिशातल्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्रिशूळ काढून त्या बाईपुढे धरला.

अर्ध्या तासात मेंदी काळीकुळीत रंगली. मालनबाईंनी नातीचा हात उलटसुलट करून पाहिला होता. "अवो, आपली मेंदी रातभर बांधून ठेवली तरी लालच रंगती. ही एवढ्यात काळी कशी झाली?"

"परदेशात सगळंच लवकर होतं, मालन," नानांनी उत्तर दिले होते, आणि आपल्या उत्तरावर तेच हसले होते.

घरी आल्यावर रंग हळूहळू धुऊन गेला. आणि बाराव्या दिवशी, कातडी जवळजवळ कोरी झाली असताना, तोच त्रिशूळ लाल होऊन वर आला. नानांचा तर्क तयार होता: मेंदी गेली, तेव्हा हे मेंदीचे नव्हे, शिवाय मेंदी थंड, तिने कोणी पोळल्याचे कधी ऐकले आहे? मालनबाई म्हणाल्या, "मला तर बिब्बा उतल्यागत दिसतंय." त्यावर नाना म्हणाले, "प्रत्येक गोष्टीत तुझा बटवा आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी बारकू भगत आपली समई घेऊन ओट्यावर येऊन बसला. डॉक्टरचे औषध लावले की आई कोपेल, शुक्रवारी ओट्यावर देवीची स्थापना होईपर्यंत हाताला काही लावायचे नाही, असे त्याने बजावले. येणाऱ्यांच्या दंडावर तो डबीतल्या काजळाने त्रिशूळ काढी आणि म्हणे, "ज्याची भक्ती खरी, त्याला दोन-तीन दिसांत आई उमटंल." आणि खरोखरच उमटू लागली! शेजारच्या सुमनबाई दंड खाजवीत, कण्हत, पण मोठ्या तोऱ्यात सगळ्या आळीला आपला त्रिशूळ दाखवून आल्या. ज्यांना उमटला नाही, ते बाह्या खाली ओढून मान खाली घालून फिरू लागले.

राजू दोनदा म्हणाला, "नाना, एकदा दाखवून आणू का?" दोन्ही वेळा नाना म्हणाले, "शुक्रवारपर्यंत थांब." सून आशा काहीच बोलली नाही, सासऱ्यांच्या शब्दापुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती. ती फक्त पोरीजवळ बसून पदराने वारा घालत राहिली.

बुधवारी दुपारी गर्दी पांगली, भगत जेवायला गेला. स्नेहलच्या हातावरचे फोड फुटले होते, अंगात ताप होता. तिने नानांकडे पाहिले.

"नाना, देवी आपली आईच ना?"

"हो बाळा."

"मग ती मला भाजते का?"

नानांनी उपरण्याने तिच्या हातावरची माशी हाकलली.

तेवढ्यात ओटा झाडणाऱ्या मालनबाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तळहातावर एक काळे, टणक फळ होते; त्यात सुई टोचलेली, आणि टोक काजळलेले.

"भगताच्या समईमागं घावलं. काजळाच्या डबीजवळ. वळखा बरं. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणत्यात?"

"भल्लातक," नाना पुटपुटले. बिब्बा! हा शब्द त्यांनी किती पिढ्यांना शिकवला होता. लहानपणी काटा मोडला तेव्हा आईने असाच बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला होता. तेलाचा एक थेंब चुकून घोट्यावर ओघळला आणि पाय पंधरा दिवस सुजला होता. घोट्यावरचा डाग अजून होता. काजळात हे तेल मिसळले तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत फोड उठायचाच. त्याला भक्ती लागत नाही.

"पण स्नेहलला तर भगतानं काही लावलं नव्हतं," नाना म्हणाले.

"मग ते ज्याला कळतं त्याला इचारू," मालनबाई म्हणाल्या. "राजू, जीप काढ!"

नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुठे फिरायला गेल्यावर काळी मेंदी काढली होती का?"

"हो, थायलंडला," राजू म्हणाला.

"मेंदी काळी नसते," डॉक्टर म्हणाल्या. "झटपट काळी व्हावी म्हणून तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन घालतात. काहींच्या शरीराला ते वैरी वाटतं. पण पहिल्यांदा तो वैरी ओळखायला शरीराला दहा-बारा दिवस लागतात. तोवर रंग गेलेला असतो. मग जिथे रंग लागला होता, नेमका तिथेच फोड उठतो. फुलपाखरू काढलं असतं तर फुलपाखरू उठलं असतं."

मग त्यांची नजर नानांच्या मिशांवर स्थिरावली. बहात्तराव्या वर्षी त्या मिशा तिशीतल्या माणसासारख्या काळ्याभोर होत्या.

"तुम्ही कलप लावता ना? आधी थोडासा लावून पाहा, त्रास झाला तर वापरू नका, असं त्या पाकिटावर लिहिलेलं असतं."

ग्रंथ टीकेसकट वाचणाऱ्या नानांनी ते पाकीट कधी वाचले नव्हते.

"डाग राहील का?" आशाने विचारले. त्या दिवसांतला तिचा हा पहिलाच प्रश्न.

"काही महिने पांढरट खूण राहील. कदाचित कायमची. फोड फुटून घाण झाली नसती तर..." डॉक्टरांनी वाक्य सोडून दिले आणि औषध लिहायला घेतले. "आणि हिने जन्मात कलप लावायचा नाही. पुढच्या वेळी फोड उठायला दोन दिवसही लागणार नाहीत."

परतीच्या वाटेवर नानांनी डॉक्टरांचे अर्धे राहिलेले ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा पुरे केले, आणि दर वेळी त्याच्या शेवटी त्यांचेच नाव येत होते.

गुरुवारी नानांनी अंगण बंद ठेवले; शुक्रवारी स्थापनेला ते पुन्हा भरले. पाटावर स्नेहल नव्हती. ती हाताला पट्टी बांधून दारात बसली होती. पाटावर नाना होते. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. हातावर लाल फोडांची जाड रेघ उठली होती.

"बारकू, सांग. काय उमटलं?"

बारकूने घंटा बडवली. "आई! नानांनाबी आई उमटली!"

"नीट बघ."

सुमनबाई पुढे वाकल्या. "अगं बया! हे तर लाटणं!"

अंगणात हशा पिकला. पण बारकू असा तसा हरणारा नव्हता. "आईचंच लाटणं असंल!"

"मग बस पंगतीला," मालनबाई म्हणाल्या, "आईच्या पोळ्या वाढते."

नानांनी काजळाची डबी उचलून त्याच्यापुढे धरली. "हे लाटणं मी बुधवारी तुझ्याच बिब्ब्याने काढलं. आता हे काजळ तू स्वतःच्या हाताला लाव. आम्ही तीन दिवस थांबतो."

बारकूचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. तेवढे लोकांना पुरले. घंटा आणि समई गोळा करून तो ट्रॅक्टरांच्या आडून निघून गेला; जाताना पायताण मात्र एकच सापडले.

हशा विरल्यावर नाना उभे राहिले. काळ्या मेंदीचे आणि बिब्ब्याचे सगळे त्यांनी समजावून सांगितले. मी केले ते कोणी करून पाहू नका, असेही बजावले. मग त्यांचा आवाज खाली आला.

"बारकूने तुम्हाला चार दिवस फसवलं. मी त्याच्या आधीपासून फसवत होतो, कारण माझ्या शब्दावर तुम्ही आलात. हा त्रिशूळ माझ्या हाताने काढलेला. औषध मी थांबवलं. देवावर श्रद्धा ठेवा, मीही ठेवतो. पण दुखणाऱ्या लेकराला पाटावर बसवायला सांगणारा देव नसतो, माणूस असतो. त्याला प्रश्न विचारा. माझी बायको विचारत होती, माझी नात विचारत होती. मी मात्र श्लोक म्हणत बसलो."

लोक एकेक करून गेले. सुमनबाई मालनबाईंकडे दंडाला लावायला खोबरेल मागायला थांबल्या, तेव्हा राजूने त्यांनाही जीपमध्ये बसायला सांगितले.

स्नेहल दारातून उठून नानांजवळ आली. त्यांच्या हातावरचे लाटणे तिने बोट न लावता पाहिले.

"दुखतं, नाना?"

"दुखतं गं."

"खूप?"

नानांना मान वर करवेना. "खूप."

"मग तुम्हीपण डॉक्टरकडे चला," स्नेहल त्यांची बाही हळूच खाली ओढत म्हणाली. "आत्ताच. थांबायचं नाही."