गार घाम

वहीत त्या तारखेपुढे इंदिराने लिहिले, ‘निळा’. मग वही उलटी करून मागच्या पानावर तीच तारीख घातली आणि लिहिले, ‘डावे मनगट. दारात चेंगरले.’

ते काही आपोआप चेंगरले नव्हते. नानांनी मायचा हात धरून चौकटीवर दाबला होता आणि दुसऱ्या हाताने दार लोटले होते. एकदा, आणि माय ओरडली नाही म्हणून आणखी एकदा. कारण काय, तर भाकरी निवली होती. तुरीची वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज चुलीपाशी बसलेल्या इंदिराला ऐकू आला. ती धावत बाहेर आली तेव्हा नाना ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. जानेवारीची थंडी, तरी सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते आणि नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली.

“काय झालं व?” असे त्यांनीच विचारले.

तोताराम पाटलांना फैजपुरात सगळे नाना म्हणत. केळीच्या चार बागा, दारात दोन बैलजोड्या, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर सावद्याच्या रस्त्यावरचा गाडीवान थांबायचा. दोन वर्षांपूर्वी पायाची जखम भरेना, अंग झडायला लागले, तेव्हा जळगावच्या मोतीलाल डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला आणि इन्शुलीन सुरू केले. रोज सकाळी वीस युनिट, आणि रोज दोन वेळा लघवीची तपासणी. हे काम इंदिराकडे आले. नवरा धुळ्याला टायफॉइडने गेल्यावर ती माहेरी येऊन गावच्या कन्याशाळेत शिकवत होती. घरात वाचणारी-लिहिणारी तीच, आणि वाचनालयातली पुस्तके संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारीही तीच.

काचेच्या नळीत औषधाचे निळे पाणी घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा, नारिंगी म्हणजे वाढती, आणि खाली विटकरी लाल गाळ बसला तर पुष्कळ. जो रंग येईल तो वहीत. दर दोन महिन्यांनी ती वही घेऊन जळगावला जायची. डॉक्टर पाने उलटून खूश व्हायचे. “इंदिराबाई, अशी वही माझ्याकडे जळगावातल्या वकिलांचीसुद्धा येत नाही. सगळं निळं! आजार मुठीत आहे तुमच्या.”

मागची पाने त्यांनी पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. चौदा महिन्यांत तिथे अकरा नोंदी झाल्या होत्या. ‘उजवा कान, रक्त.’ ‘दोन बरगड्या.’ ‘केस, मूठभर.’ ‘पाठ, बैलाच्या चाबकाने, सात वळ.’ त्या लिहून काय करायचे हे इंदिराला ठाऊक नव्हते. लिहिले नाही तर झालेच नाही असे होईल, एवढेच तिला वाटे.

मनगट मोडले त्या दिवशी मात्र मायने होकार दिला. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत इंदिराला जागा मिळत होती, राहायला एक खोलीही होती, आणि वर्षभर ती मायला म्हणत होती, चल. माय टाळत आली होती. त्या दिवशी ती एका हाताने लुगडी घडी करायला लागली. दोन लुगडी, एक घोंगडी, लोणच्याची बरणी. गाठोडे बांधायला दुसरा हात लागतो, म्हणून ते इंदिराने बांधले.

“सोमवारच्या एस.टी.नं जाऊ,” माय म्हणाली. “आधी हा हात बसवून घे. मोडका हात घेऊन नव्या गावात कायले जायचं?”

मोतीलाल डॉक्टरांनी हात बसवला, पट्ट्या बांधल्या आणि नेहमीप्रमाणे वही मागितली. इंदिराने दिली, आणि काय मनात आले कोण जाणे, उलटी करून दिली.

डॉक्टरांनी पेन्सिल घेतली आणि मागची एकेक तारीख पुढच्या पानावर शोधून खूण करायला लागले.

“या दोन बाजू तुम्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्यात?”

“नाही.”

“अकरातल्या नऊ वेळा नळी निळी आहे. बाई, चूक माझी आहे. औषध जास्त होतंय. साखर फार उतरली की माणूस माणसात राहत नाही. आधी गार घाम सुटतो, हात कापतात, मग डोकं फिरतं. दारू प्यायल्यासारखं. नंतर त्याला आठवतही नाही. तेव्हा लगेच गुळाचं पाणी पाजायचं. पाच मिनिटांत ठिकाणावर येतो. आणि मी चार युनिट कमी करतो.”

उरलेल्या दोन तारखांना एकदा हिरवा होता, एकदा नारिंगी. डॉक्टर काही म्हणायच्या आत इंदिराच म्हणाली, “माझे थेंब चुकले असतील.” तिने त्या दोन्हींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आणि वही मिटली.

परतीच्या एस.टी.त तिला छातीवरची शिळा उतरल्यासारखे झाले. नाना तसे नव्हते. बाटलीतले औषध तसे होते. तिने मायला सगळे समजावून सांगितले: घाम दिसला, आवाज चढला, की उलट बोलायचे नाही, लांब जायचे नाही, आधी गुळाचे पाणी.

माय खिडकीतून केळीच्या बागा पाहत होती. “इंजेक्शन तर दोन वर्षांचं व, इंदू,” ती म्हणाली. “माह्या मांडीवरचा डाग तुह्या जन्माआधीचा आहे.”

“तेव्हा ते तरुण होते माय. तेव्हाचं वेगळं.”

“असंन,” माय म्हणाली. “तू शिकलेली.”

गाठोडे इंदिरानेच सोडले. धुळ्याला नकाराचे पत्र तिनेच टाकले.

आणि खरोखर सगळे बदलले. फेब्रुवारीत एका दुपारी नानांनी गड्यावर फावडे उगारले, कपाळावर थेंब उभे होते. मायने मोडक्या हाताने तांब्या धरून गुळाचे पाणी त्यांच्या तोंडाला लावले. ते घटाघटा प्यायले, खाली बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “पावडं कोणी आणलं अठी?” माय हसली. तिला असे हसताना पाहिल्याचे इंदिराला आठवत नव्हते. मार्च, एप्रिल गेले. नळी बहुतेक हिरवी, कधी निळी. मागच्या पानावर एकही नोंद नाही.

मे महिन्यात सावद्याला मायच्या भाच्याचे लग्न होते. मायने आनंदाच्या भरात बहिणीला सांगितले: त्यांचा स्वभाव नाही तो, औषधाचा दोष होता, आता मी गूळ पाजते आणि ते निवतात. बहिणीने नवऱ्याला सांगितले. पंगत बसली तोवर सगळ्या मांडवात झाले होते.

“नानांना लाडू नका वाढू रे,” वरपक्षाचा एक जण ओरडला. “वहिनींच्या हातचा गूळ लागतो त्यांले!”

“गुळावर बैलसुद्धा गरीब होतो,” दुसरा म्हणाला. पंगत हसली. नानांचा धाकटा भाऊ भाईदास, तोही हसला.

नानांनी लाडू मागून घेतले. एक, दोन, असे सहा, सगळ्यांकडे पाहत खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन ओसरीत शिरले होते. शाळेला सुट्टी होती. इंदिरा मागच्या पडवीत दिव्यावर नळी धरून बसली होती. पाणी हिरवे झाले, पिवळे झाले, आणि पाहता पाहता खाली विटकरी गाळ बसला. इतका लाल गाळ तिने वर्षभरात पाहिला नव्हता. ओसरीवरून नानांचा आवाज चढला. भाईदास आला होता, कालचेच काही बोलणे चालले होते.

माय गुळाचा डबा उघडत होती.

“माय, थांब. लाल आहे.”

“तू तुह्या नळीचं पाह्य. मी त्याहीचं तोंड पाह्यलं. घाम निथळतो आहे.”

“आज सगळ्यांनाच...”

“तूच सांगितलं न? आधी पाणी, मग बोलणं.” पितळी तांब्यात गूळ ढवळत माय गेली.

इंदिरा उठली. पण आधी तिने नळी स्टँडात ठेवली, दिवा विझवला. तेवढाच वेळ. त्या वेळात तिच्या मनात हेही येऊन गेले की कदाचित नळीच चुकली असेल.

“माले गूळ पाजते?” ओसरीवरून आवाज आला. तो ओरडण्याचा आवाज नव्हता. स्वच्छ, जाणता, नानांचा रोजचा आवाज होता. “भाईदास, पाह्य रे. तुह्यासमोर पाजते माले. बैल आहे न मी?”

इंदिरा दारात पोचली तेव्हा तांब्या नानांच्या हातात होता. त्यांनी मायची वेणी मुठीत धरून मान मागे ओढली आणि भरला तांब्या तिच्या कानशिलावर घातला. गुळाचे पाणी भिंतीवर उडाले. माय बसली. बसल्या बसल्या तिने मोडून बसवलेला हात वर केला, तर दुसरा घाव त्या हातासकट डोक्यावर बसला. तिसऱ्याला हात वर आला नाही. भाईदास “नाना, नाना” म्हणत राहिला, जागचा हलला नाही. इंदिरा नानांच्या दंडाला लटकली. त्यांनी तिला कोपराने झटकले, तिचा ओठ फाटला, आणि ती दंडाला धरूनच राहिली. चौथा आणि पाचवा घाव तिने तसाच, दंडाला धरून, आपल्या हातांत सोसला. दंड हादरायचा, आणि मग खालून आवाज यायचा.

मग नानांनी तांब्या खाली ठेवला. त्याचा काठ वाकला होता.

“घेऊन जाय तिले आत,” ते म्हणाले. त्यांना सगळे आठवत होते.

माय दुपार व्हायच्या आत गेली. तिला शब्द फुटला नाही.

यावलहून फौजदार आले, ओसरीवर पंचनामा सुरू झाला. भाईदासकाका पडवीत आला. इंदिरा भिंतीला टेकून बसली होती. स्टँडातली नळी तशीच होती.

“इंदू, पोरी, ऐक,” तो हळू आवाजात म्हणाला. “मोतीलाल डॉक्टर कोर्टात सांगतील. औषधानं माणूस भान सोडतो, हे त्यांनीच शोधलं आहे. वही आहे तुझी. नुसता आजचा रकाना कोरा आहे.”

इंदिराने फाटलेला ओठ पदराने टिपला.

“निळा लिही. एक शब्द. हे ओतून टाक मोरीत.” त्याने नळीकडे बोट दाखवले. “वहिनींचा जीव गेला, माले दुःख नाही का? पण बाप आहे तुझा. फासावर जाईल नाही तर जन्म तुरुंगात. तुलाही कोण आहे दुसरं?”

“काका, तुम्ही समोर होतात.”

“मी काय पाह्यलं ते मी सांगीन,” काका म्हणाला. “घाम निथळत होता, हे तर खरं आहे?”

ते खरे होते. काकाच्याही कपाळावर घाम होता. फौजदाराच्या सदऱ्यावर होता, तिच्या स्वतःच्या मानेवर होता. खानदेशातला मे महिना. इंदिराला तेव्हा डॉक्टरांचा जानेवारीतला आवाज आठवला: गार घाम. त्यांनी गार म्हटले होते. तिने मायला सांगताना नुसते घाम सांगितले. थंडीचे दिवस होते, त्या दिवसांत घाम दिसला तरी पुरे होता.

तिने वही ओढली. आजच्या तारखेपुढे लिहिले, ‘विटकरी लाल.’ मग जुनी पाने उलटून त्या दोन तारखा शोधल्या, एक हिरवी, एक नारिंगी, आणि त्यांच्यापुढची प्रश्नचिन्हे रबराने पुसली. कागद फाटेपर्यंत पुसली. मागच्या बाजूला आजची तारीख घालून ती थोडी थांबली. तिथे नेहमी अवयवाचे नाव लिहायची. तिने ‘माय’ लिहिले.

“अवदसा!” काका म्हणाला. “बापाचा गळा कापतेस?”

ती नळी आणि वही घेऊन त्याच्या अंगावरून बाहेर गेली आणि दोन्ही फौजदारांपुढे ठेवली. कोणता रंग म्हणजे काय, हे शाळेत सांगावे तसे सावकाश सांगितले. नाना खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

नानांना यावलला न्यायला पुना नावाचा शिपाई होता, धुळ्याकडचा, वयस्क. गाडी जुंपत होते तेव्हा इंदिरा माठाखालच्या ओल्या फडक्यातली औषधाची बाटली, सुई आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली.

“हे यावलच्या दवाखान्यात टोचून घ्यायचं. सकाळी, सोळा युनिट. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण द्यायचं. उशीर झाला तर जीव जाईल.”

पुनाने बाटली रुमालात गुंडाळली. ज्याने हिची आई मारली त्याचेच औषध ही देते आहे, हे त्याला कळत नसावे.

“आणखी एक,” ती म्हणाली. गुळाचा खडा तिने कागदात बांधून दिला. “अंगाला घाम सुटला, हात कापायला लागले, तर आधी हात लावून पाहा. घाम गार लागला तर लगेच हा गूळ पाण्यात कालवून पाजा.”

“आनि गरम लागला तर?”

“तर देऊ नका. आणि त्यांच्या हाताच्या टप्प्यात उभे राहू नका.”

“ध्यानमा शे, बाई,” पुना मान डोलावत म्हणाला.

गाडी निघाली. ओसरीच्या भिंतीवर उडालेल्या पाण्याला मुंग्या लागल्या होत्या. आत बायका जमल्या होत्या, कोणी तरी मायला न्हाऊ घालायला पाणी तापवले का म्हणून विचारत होते. इंदिरा चुलीपाशी गेली, हंडा चढवला, आणि पाणी किती तापले आहे ते बोट बुडवून पाहत उभी राहिली.