'पुट ऑफ'चे फाटलेले अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जामखेडजवळच्या एका खेड्यात, रंगनाथ साळवे यांच्या घरी, पत्र्याच्या पेटीवर मी पडून असतो. स्वभावाने मी शांत आहे. पण आज जे सांगणार आहे, ते आठवले की अजूनही माझा जीव जळतो.

मी पुण्याच्या एका छापखान्यात तयार झालो. नगरच्या बाजारातून मला सहादेव गुरुजींनी विकत घेतले. ते रंगनाथचे वडील. घरात इंग्रजी शिकलेले ते पहिलेच. मला उघडण्याआधी ते हात धूत. गावातली मुले ओसरीवर जमत आणि गुरुजी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत.

'पुट ऑफ' हे त्यांचे आवडते उदाहरण. ते म्हणत, "पुट म्हणजे ठेवणे. एकटा असला की हा शब्द गरीब असतो. पण मागे ऑफ लागला की त्याचा भरवसा धरू नका." दिवा मालवला, की पुट ऑफ. सहल पुढे ढकलली, तरी पुट ऑफ. दारी आलेल्याला काहीबाही सांगून वाटेला लावले, तरी तेच. आमटीत माशी पडली आणि जेवणावरून मन उडाले, कंडक्टरने बिनतिकिटाच्या माणसाला मध्येच उतरवले, तरी पुन्हा पुट ऑफच!

"मग कळायचं कसं, गुरुजी?" एका मुलीने वैतागून विचारले.

"सगळे अर्थ वाचायचे. कुठला बसतो ते बघायचं. त्याला दुसरा उपाय नाही."

तेव्हा मला केवढा मान होता! पण गुरुजी गेले आणि ओसरी ओस पडली. रंगनाथ गवंडीकाम करायचा. माणूस कष्टाळू, घरासाठी राबणारा. पण पुस्तकाशी त्याचे कधी जमले नाही. एका पावसाळ्यात सरपण ओले झाले, चूल पेटेना. त्याने मला मध्येच उघडले आणि हाताला लागले ते अर्धे पान टरकन फाडले.

"अहो, मामंजींचं पुस्तक हाय ते," त्याची बायको भागिरथी म्हणाली.

"हजार पानं हायती. एका पानानं काय बिघडतंय?"

काय बिघडले, ते ऐका.

१९९४ चा उन्हाळा होता. रंगनाथची मुलगी रश्मी बारावी झाली होती. नर्स व्हायचे, हे तिने लहानपणीच ठरवले होते. पुण्याच्या एका नर्सिंग शाळेतून तिला मुलाखतीचे बोलावणे आले. जयंतीला शिवलेला ड्रेस इस्त्री होऊन तयार होता. आणि निघायच्या आदल्या दिवशी तार आली. इंग्रजीत तीनच शब्द : इंटरव्ह्यू पुट ऑफ.

शाळेला सुट्टी होती, मास्तर आपापल्या गावी गेले होते. रंगनाथने मला पेटीवरून उचलले, धूळ झटकली आणि बोट फिरवत शब्द शोधला.

"पुट ऑफ... मालवणे, बंद करणे." त्याचा चेहरा उतरला. "रश्मे, बंद झालं गं ते."

"आप्पा, मुलाखत काय दिवा हाय का मालवायला? पुढं काय लिवलंय?"

"पुढं पान न्हाई. फाटलंय. हाय तेवढं पुरं की."

पुरं! मित्रांनो, त्याच्या बोटाखालीच 'पुढे ढकलणे' छापलेले होते. आता तिथे नुसती फाटकी कड होती. मला तोंड असते, तर मी ओरडलो असतो.

"आपन जाऊन इचारून येऊ ना," रश्मी म्हणाली.

"बंद झालेल्या ठिकानी कुनाला इचारायचं? उगं हेलपाटा."

रश्मी रडली आणि मग आईबरोबर कांदे काढायला जाऊ लागली. काही दिवसांनी तिची मैत्रीण सायली जामखेडहून आली. तिनेही तिथेच अर्ज केला होता.

"अगं, मुलाखतीला का आली न्हाईस? नुसती पुढं ढकलली हुती. नवी तारीख तितं फळ्यावर लावलेली. परवा झाल्या सगळ्या."

 रश्मीने मला मांडीवर घेतले आणि फाटक्या कडेवरून बोट फिरवले.

"आप्पा, हे कुनी फाडलं?"

"म्या," रंगनाथ खाली बघत म्हणाला. "चुलीला."

दुसऱ्या दिवशी बापलेक एस.टी.ने पुण्याला गेले. सगळ्या जागा भरल्या होत्या. तिथल्या बाईंनी सारे ऐकून घेतले, हळहळल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी रश्मी गेली. तिची निवडही झाली. पण सायली तेव्हा तिची सीनियर झाली होती. निघताना रंगनाथने मला कापडात बांधून तिच्यापुढे धरले. "घेऊन जा. तुज्याच कामाचं हाय."

"ऱ्हाऊ द्या घरीच," रश्मी म्हणाली. "गावात आनखी कुनाला तार यील."

म्हणून मी इथेच आहे. आता मला कोणी फाडत नाही. पण रश्मीचे गेलेले वर्ष मला गोड वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणीतरी पडून असेल. त्याचे पान फाडायची वेळ आली, तर आधी ते शेवटपर्यंत वाचा. वाचूनही फाडावेसे वाटले, तर खुशाल फाडा.