विहिरीतला सिंव्ह

"बाजारापत्तोर तुला फशिवलं न्हाय तर अर्धी मिशी भादरून घेतो," मी म्हणलो. "फशिवलं तर तुझी!"

"लाव पैज, मष्ण्या!" शेजारचा तवनाप्पा मिशीला पीळ देत बोलला.

लढाईचं दिस. निपाणीत साखर मिळंना, तरी बायकूची नजर चुकवून वाटीभर उचलली. संक्रांतीला साखरेचं हत्ती-घोडं पाडायचा लाकडी साचा घरात हुताच. त्यात सिंव्ह पाडला. तवनाप्पाच्या तंबाखूच्या रानात नवी विहीर खणत हुते, तिथल्या मातीच्या ढिगात पुरला. म्हणलं, देव घावला म्हणून ह्यो नाचंल, आन् मी सगळ्यांदेखत त्यो कडाकडा खाऊन दावीन.

बाजारादिवशी तवनाप्पा पाण्याचा तांब्या घिऊनच आला. मूठ उघडून वरडला, "बघा मंडळी, मष्ण्याचा साखरेचा सिंव्ह! संक्रांतीचा साचा मला ठावं न्हाय व्हय? आता कसा इरघळतोय बघा!"

मातीनं माखलेला सिंव्ह तांब्यात टाकला, हलवला, तळव्यावर वतला. माती गेली, सिंव्ह तसाच! हिरवट काचेचा, बोराएवढा, पाय मुडपून बसलेला, उनात आतनं पेटल्यागत.

तवनाप्पाचं तोंड उतरलं. "काचेचा केलास व्हय रं? हरलो गड्या. बोलवा न्हाव्याला."

लोक माझ्या पाठीवर थापा मारत हुते. मी सिंव्ह हातात घेतला. पोटाखालनं बारीक शिवण गेलती, आमच्या साखरेच्या हत्तीला दोन फळ्यांच्या साच्यात येती तश्शी. मानंजवळ दोरा ववायचं भोक, एका अंगानं झिजलेलं. कुणीतरी लई दिस गळ्यात घातलेला. आन् छातीत मोहरीएवढा बुडबुडा. ज्यानं पाडला त्येच्या भट्टीवरचं वारं आजून आत कोंडून हुतं.

"कुठं घावला रं?"

"विहिरीच्या तळाला, जुन्या खापरांच्या थराखाली. लई खोल पुरलास की!"

त्या खापरांचं गाव आमच्या आज्याच्या आज्यानंबी ऐकलं नव्हतं. नुसतं 'व्हय' म्हणलं असतं तर मिशी वाचत हुती. पर ती शिवण बघून खोटं बोलाया जीभच उचलंना.

"तवनाप्पा, ह्यो माझा न्हवं. माझा वरच्या ढिगात हुता. त्यो मुंग्यांनी कवाच खाल्ला असंल."

"मग कुणाचा?"

"कोण ठावं. त्येच्यापुढं आपुन परवा जल्मलो."

तवनाप्पानं हळूच पायातल्या चपला काढल्या. मग म्हणला, "म्हंजी पैज तू हरलास."

"व्हय की."

न्हाव्यानं तिथंच तंबाखू ठासून भरलेल्या बोदांम्होरं बसवलं. लोक शिट्ट्या मारत हुते. "हलू नगंस," न्हावी म्हणला. मी कशाला हलतोय? समोर तवनाप्पाच्या तळव्यावर सिंव्ह वाळत बसलता. अर्धी मिशी मांडीवर पडली, कळलंबी न्हाय.