तुपाच्या आधीची जाहिरात

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी, म्हणजे पंचवटीतल्या यज्ञेश्वर गुरुजींनी, सत्यनारायणाच्या पूजेचा व्हिडिओ टाकला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. यजमान टीव्हीवर ह्यांनाच लावून पूजा उरकू लागले, घरी बोलावणं येईना. हे मात्र खूश. रोज संध्याकाळी चहा घेत स्वतःचंच दर्शन घ्यायचे.

पंचामृतात दही झालं की तुपाच्या आधी फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागते. ती वगळता येते, पण दह्याने बरबटलेल्या हातात रिमोट कोण धरणार? सगळं घर मुकाट बघतं. असं हात अडकलेलं, जागचं न हलणारं गिऱ्हाईक कंपनीला दुसरीकडे कुठे मिळायला?

श्रावणात पाथर्डी फाट्याच्या मनोजचा, आमच्या जुन्या यजमानाचा, फोन आला. कुंभमेळ्यासाठी रस्ता खोदताना केबल तुटली होती, नेट बंद आणि पाहुणे जमलेले. तेव्हा गुरुजींनीच यावं. आजची पूजा साधली तर सुटलेली घरं परत जोडता येतील, असं हे रिक्षात दोनदा म्हणाले. मलाही तेच हवं होतं. पूजा सांगणारा माणूस घरी बसलेला बघवत नाही.

दूध झालं, दही झालं, आणि हे थांबले. मला वाटलं ठसका लागला. पण हे शांत, नजर समोरच्या बंद टीव्हीवर. गंमत म्हणजे मनोज, त्याची बायको, पाहुणे, सगळेच तसे बसलेले. कुणाला काही चुकल्यासारखं वाटेना. मग ह्यांच्या लक्षात आलं, कान लाल झाले आणि चाळीस वर्षं म्हटलेला पुढचा मंत्र काही सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे सरकून हळूच म्हटलं, "घृतं." गाडी सुरू झाली.

प्रसाद देताना मनोज केबल कधी जोडणार म्हणून फोनवर कुणाला तरी विचारत होता. पुढच्या पूजेचं कुणी बोललं नाही.

परतताना हे म्हणाले, "तुला कसा आठवला?"

"जाहिरात लागली की मी ओट्यापाशी पुढचं म्हणून टाकते. मला पोळ्या करायच्या असतात, बघत बसायला वेळ कुठे आहे?"